एनीज लॉबीच्या दारावरचे ओइमो आणि काशी: जायंट पहारेकऱ्यांची पन्नास वर्षं

समुद्रफेस

वन पीसवर (ओदा या जपानी चित्रकाराची समुद्री चाच्यांवरची मांगा, म्हणजे कॉमिक, आणि तिच्यावरची अॅनिमे मालिका) इथे अधूनमधून गप्पा होतात, पण त्या बहुतेक कप्तान लुफी, त्याच्या टोळीतला झोरो, कोणाचं बाउंटी (पकडून देण्याचं इनाम) किती, कोण कोणाला हरवेल यावर. मला बोलायचंय ते दोन दारवानांबद्दल. एनीज लॉबीच्या मुख्य दारावर उभे असलेले ओइमो आणि काशी. (मांगातल्या एल्बाफपर्यंतचे, म्हणजे जायंटच्या देशापर्यंतचे, उल्लेख येतील. फक्त अॅनिमे बघणाऱ्यांनी जपून वाचा.)

ज्यांनी बघून बरीच वर्षं झाली त्यांच्यासाठी थोडी उजळणी. एनीज लॉबी म्हणजे जागतिक सरकारचं न्यायाचं बेट. इथे रात्र होत नाही, चोवीस तास लख्ख ऊन. बेटाच्या भोवती समुद्र खोल खड्ड्यात कोसळतोय. आत दहा हजार सैनिक. लुफीच्या टोळीतल्या रॉबिनला आणि जहाजं बांधणाऱ्या फ्रँकीला धरून इथे आणलंय आणि त्यांना सोडवायला लुफीची टोळी, फ्रँकीची माणसं (फ्रँकी फॅमिली) आणि गॅली-ला या जहाज कारखान्याचे सुतार असे मिळून साठ-सत्तर जण समुद्रावरच्या रेल्वेने येऊन धडकतात. लुफी नेहमीप्रमाणे कोणासाठी न थांबता एकटाच पुढे पळतो. बाकीचे बाहेरचं लोखंडी दार ओलांडतात आणि मुख्य दाराशी त्यांना हे दोघं आडवे येतात. एल्बाफचे जायंट. एकेक हात घराएवढा.

पहिल्यांदा बघताना वाटतं की हा एक अडथळा आहे, दोन-तीन एपिसोड मारामारी होणार आणि गाडी पुढे सरकणार. पण ओइमो तोंड उघडतो आणि सगळा रंगच बदलतो. हे दोघं मुळात समुद्री चाचे. डोरी आणि ब्रॉगी या दोन कप्तानांच्या जायंट वॉरियर पायरेट्समधले. कप्तान द्वंद्वाला म्हणून गेले ते परतलेच नाहीत, म्हणून पन्नास वर्षं वाट पाहून हे त्यांना शोधायला निघाले आणि सरकारच्या तावडीत सापडले. सरकारने सांगितलं, तुमचे कप्तान आमच्या कैदेत आहेत. शंभर वर्षं हे दार राखा, त्यांना सोडतो. त्यातली पन्नास झाली, पन्नास उरली.

आणि आपल्याला, म्हणजे ज्यांनी आधीचा लिटल गार्डनचा भाग बघितलाय त्यांना, त्याच क्षणी माहीत असतं की डोरी आणि ब्रॉगी कधीच पकडले गेले नव्हते. ते त्या डायनासोरच्या बेटावर एकमेकांशी लढतायत. शंभर वर्षं. ७३,४६६ लढती आणि सगळ्या बरोबरीत.

मला हा सगळा भाग वन पीसमधला सरकारवरचा सगळ्यात जबर घाव वाटतो. ओदा पुढे सरकारचे याहून कितीतरी भयंकर गुन्हे दाखवतो. अख्खी बेटं बेचिराख होतात. पण इथे रक्ताचा थेंब न सांडता दोन माणसांची पन्नास वर्षं गिळलीत, आणि तीही न्यायाचं बेट म्हणवणाऱ्या जागेच्या उंबरठ्यावर. त्यांना बेड्या घातलेल्या नाहीत. हातात त्यांची स्वतःची हत्यारं आहेत. मनात आणलं तर दोघं मिळून निम्मं बेट उलथतील. त्यांना बांधून ठेवलंय ते कप्तानांवरच्या निष्ठेने. त्यांच्यात जे सगळ्यात चांगलं आहे, तेच सरकारने साखळी म्हणून वापरलं.

यावर तुमचं मत वाचायला आवडेल.

निळावंती

सुंदर धागा! या दोघांवर कोणी कधी लिहीत नाही.

त्या बेटावर रात्र नाही हा मुद्दा तू ओझरता घेतलास, मला तो फार महत्त्वाचा वाटतो. पन्नास वर्षं पहारा देणाऱ्याला निदान दिवस मावळल्याचं समाधान तरी हवं. आज एक दिवस संपला, सुटकेच्या एक दिवस जवळ आलो. इथे तेही नाही. ऊन डोक्यावरून हलतच नाही. ते दिवस कसे मोजत असतील याचा मी खूप विचार केलाय.

रानवारा

धागा आवडला, पण एक गोष्ट मला पहिल्यापासून खटकते. पन्नास वर्षांत एकदाही विचारलं नाही? एकदा भेटवा, लांबून दाखवा, त्यांच्या हातची चिठ्ठी तरी द्या. कुठल्याही कैद्याच्या घरचे एवढं तर मागतीलच. ओदाला प्रसंग जमवायचा होता म्हणून त्याने जायंटना गरजेपेक्षा भोळं केलं, असं माझं स्पष्ट मत आहे. डोरी-ब्रॉगी पण तसेच. लुफीच्या मागावर आलेल्या मिस्टर ५ ने दारूत स्फोटकं मिसळली तरी पत्ता नाही.

समुद्रफेस

रानवारा, दारूचं उदाहरण उलट माझ्याच बाजूचं आहे की. डोरी ती दारू पितो कारण ती ब्रॉगीकडून आलेली असते. ज्याच्याशी शंभर वर्षं जिवाची लढाई चाललीय त्याच्या हातचं बिनघोर प्यायचं, हा एल्बाफचा रिवाज आहे. पोटात स्फोट झाल्यावरसुद्धा त्याच्या मनात ब्रॉगीबद्दल शंका येत नाही, तो पाहुण्यांवर संशय घेतो. आणि तशाच फुटलेल्या पोटाने लढायला उभा राहतो, कारण मधल्या डोंगराचा स्फोट झाला की लढायचं हे ठरलेलं. ब्रॉगीला काही सांगतही नाही. याला भोळेपणा म्हणता येईल, पण तो अडाणीपणा नाही. तिथे दिलेला शब्द हीच वस्तुस्थिती धरतात. समोरचा उघड खोटं बोलेल ही शक्यता त्यांच्या हिशेबातच नसते.

आडवाट

रानवाराच्या मुद्द्याला माझ्याकडून थोडी पुरवणी, दुसऱ्या बाजूने.

लिटल गार्डनमध्ये मिस्टर ३ (मिस्टर ५ च्याच टोळीतला) तिथे कशासाठी आलेला असतो? लुफीची टोळी तर आहेच, पण जायंट दिसल्यावर तो खूश होतो, कारण डोरी आणि ब्रॉगी या दोघांवर प्रत्येकी दहा कोटी बेरींचं बाउंटी आहे. शंभर वर्षांपूर्वी लागलेलं, पण लागू असलेलं. आता बघा. एका खात्याच्या कागदावर हे दोघं फरार, त्यांना आणणाऱ्याला दहा-दहा कोटी. दुसऱ्या खात्याच्या तोंडी ते तुरुंगात. ओइमो किंवा काशीने नुसता पोस्टर पाहिला असता तरी खोटं उघडं पडलं असतं. पण दारावर उभं राहून पोस्टर कोण आणून दाखवणार? दारातून आत जाणारा प्रत्येक जण सरकारी माणूस किंवा त्याने धरलेला कैदी. बाहेरचा माणूस बोलायला येईल अशी जागाच नाही ती. म्हणून पहाऱ्याला तिथेच उभं केलं असणार असा माझा अंदाज. जगात कुठेही ठेवलं असतं तर वर्षा-दोन वर्षांत एखाद्या खलाशाने गुपित फोडलं असतं.

निळावंती

आडवाट, बाउंटीचा मुद्दा फार छान काढलात. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

रानवारा, वयाचाही विचार करा ना. जायंट साधारण तीनशे वर्षं जगतात. शंभर वर्षं म्हणजे आयुष्याचा तिसरा हिस्सा. माणसाच्या हिशेबात पंचवीस-तीस वर्षांची सक्तमजुरी. कप्तानांच्या जिवाच्या बदल्यात एवढा सौदा जायंटला परवडणारा वाटू शकतो, आणि सरकारने आकडा नेमका तिथेच बसवलाय. दोनशे सांगितले असते तर त्यांनी जिवावर उदार होऊन तिथेच लढाई केली असती.

गलबत

जायंट पहारेकरी म्हटल्यावर मला इम्पेल डाउन या सरकारी तुरुंगाचे जेलर बीस्ट आधी आठवले. मिनोटॉरस, मिनोकोआला, मिनोझेब्रा आणि मिनोऱ्हायनोसेरस. सादी त्यांची मुख्य. पहारेकऱ्यांची टोळी म्हणून ते चौघं जास्त भयानक आहेत. मारले तरी परत उठतात. क्रॉकोडाइल हा कैदी तिथे सांगतो की हे झोआन फळं (प्राण्याचं रूप देणारी) खाल्लेले आहेत आणि त्यांची शक्ती जागृत झालीय, म्हणून एवढे चिवट.

तेव्हा ती ओळ कानावरून गेली होती. आता मांगात गोरोसेईंच्या, म्हणजे सरकारच्या पाच म्होरक्यांच्या, तोंडून कळलंय की झोआन फळांना स्वतःची इच्छा असते, आणि लुच्चीसारखा सरकारी हेर जागृतीनंतरही पूर्ण भानावर असतो हेही आपण बघितलंय. मग या चौघांचं असं का झालं? ते बोलत नाहीत, सादीच्या चाबकाच्या आवाजावर हलतात. माणूस गेला आणि प्राणी उरला. ते कोण होते, कैदी होते की शिपाई, हे ओदाने अजून उघड केलेलं नाही.

ओइमो-काशीच्या शेजारी त्यांना ठेवून बघा. दोन्ही ठिकाणी सरकारला हवाय तो पहारेकरी एकाच जातीचा. अवाढव्य, आणि प्रश्न न विचारणारा. इम्पेल डाउनमध्ये डोकं काढून घेतलं. एनीज लॉबीत डोकं राहू दिलं आणि त्यात खोटं भरलं.

कातळशिल्प

एक अवांतर, पण फार अवांतर नाही.

दारावर दोन महाकाय पहारेकरी ही जपानमध्ये घरोघरी माहीत असलेली गोष्ट आहे. तिथल्या बौद्ध देवळांच्या दारात दोन बाजूंना निओ उभे असतात. उघड्या अंगाचे, पिळदार स्नायूंचे, चेहऱ्यावर प्रचंड राग. एकाचं तोंड उघडं, दुसऱ्याचं मिटलेलं. नारा शहरातल्या तोदाइजीच्या दक्षिण दारातली जोडी सगळ्यात प्रसिद्ध. १२०३ साली उन्केई, काइकेई आणि त्यांच्या हाताखालच्या शिल्पकारांनी लाकडात घडवलेली, प्रत्येकी आठ मीटरहून उंच. लाकडाचे हजारो तुकडे जोडून. मी तिथे दारात उभा राहून मान वर करून बघितलंय. पायाचा घोटाच आपल्या डोक्याच्या वर येतो आणि आपोआप आवाज खाली येतो.

ओदाने ओइमो-काशी निओंवरून काढले असं माझं म्हणणं नाही. जायंटचा सगळा थाट वायकिंगांचा आहे, शिरस्त्राणं, ढाली, जहाजं, एल्बाफचं महाकाय झाड. पण दारावर दोघं, जोडीने, हे चित्र जपानी वाचकाच्या डोळ्यांत आधीपासून आहे. डोरी निळा ओनी (राक्षस) आणि ब्रॉगी तांबडा ओनी ही टोपणनावंही थेट जपानी लोककथेतल्या जोडीची. आणि निओ कोणाचं रक्षण करतात? आत बसलेल्या बुद्धाचं. म्हणजे दारावरचा राग आतल्या करुणेसाठी असतो. एनीज लॉबीत दार ओलांडून आत गेलं की न्यायालय लागतं, आणि तिथला न्याय म्हणजे येईल त्याला दोषी ठरवून पुढे पाठवणं. देवळाचा सगळा आराखडा तसाच ठेवून गाभारा पोकळ केलाय.

निओ हे मुळात वज्रपाणीचं रूप, आणि वज्रपाणी आपल्याकडून चीनमार्गे तिकडे गेला. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात गाभाऱ्याच्या दाराच्या एका बाजूला पद्मपाणी आणि दुसऱ्या बाजूला ज्याला वज्रपाणी म्हणतात तो बोधिसत्त्व रंगवलाय. ज्यांनी पाहिलाय त्यांना आठवेल, त्याच्या चेहऱ्यावर रागाचा लवलेश नाही. वाटेत कुठेतरी तो उग्र होत गेला.

चिंचेचंझाड

माझी मुलगी नववीत आहे. तिने मला वन पीस बघायला लावलं आणि आता मीच तिच्या पुढे गेले आहे. हा धागा तिला वाचून दाखवला. तिने एक गोष्ट सांगितली ती इथे टाकते, कारण मला ती पटली.

ती म्हणाली, आई, दारावरच्या जायंटना खरं कोण सांगतं ते बघ ना. उसॉप सांगतो. लहानपणापासून गावभर खोटं सांगत फिरणारा उसॉप. त्यातही तो मुखवटा घालून आलेला असतो, सोगेकिंग म्हणून, कारण लुफीशी भांडून टोळी सोडलेली असते आणि खऱ्या नावाने परत यायला तोंड नसतं. म्हणजे नाव खोटं, तोंड झाकलेलं, आणि त्या बेटावर त्या दोघांशी पन्नास वर्षांत पहिल्यांदा खरं बोलणारा माणूस तोच.

समुद्रफेस

चिंचेचंझाड ताई, तुमच्या लेकीला माझा सलाम सांगा!

तिचाच धागा पुढे नेते. हे खरं सांगायला उसॉपच का हवा होता? लिटल गार्डनला लुफी, नामी, झोरो, सांजी, विवी सगळेच गेले होते, बातमी कोणीही देऊ शकलं असतं. पण ब्रॉगीच्या पायाशी बसून त्याची गोष्ट ऐकताना ज्याच्या आयुष्याला वळण लागलं तो उसॉप. एक दिवस मी एल्बाफला जाईन, असा शूर दर्यावर्दी होईन, हे तो तिथे ठरवतो. म्हणून एनीज लॉबीत ओइमो जेव्हा कप्तानांची नावं घेतो तेव्हा सोगेकिंग नुसती माहिती देत नाही. ते दोघं कसे लढतात, कसे हसतात, एल्बाफच्या अभिमानासाठी कसे उभे आहेत हे तो त्यांच्या माणसाच्या जिव्हाळ्याने सांगतो. त्यामुळेच ओइमोला पटतं. नाहीतर शत्रूच्या टोळीतल्या मुखवटेवाल्या अनोळखी पोरावर कोण विश्वास ठेवेल? जो डोरी आणि ब्रॉगीला खरंच भेटलाय त्यालाच ठाऊक असतील अशा गोष्टी तो बोलतो.

आणि त्यानंतर थोड्याच वेळात, त्याच बेटावर, लुफीच्या हुकुमावरून जागतिक सरकारचा झेंडा जाळणारा नेमबाजही तोच.

रानवारा

हे पटलं. उसॉपची निवड अचूक आहे, त्यावर वाद नाही.

पण तुम्ही सगळे एल्बाफवाल्यांना जरा जास्तच धुऊन काढताय. हे लोक चाचे होते. कोणे एके काळी त्यांच्या जहाजाची शीड दिसली की गावं रिकामी व्हायची. द्वंद्वाचं कारण काय होतं? दोघांनी दोन प्रचंड समुद्री जनावरं मारून आणली आणि एका लहान मुलीने विचारलं की यातलं मोठं कोणतं. एवढ्यावरून शंभर वर्षं टोळी वाऱ्यावर सोडली. आता तर त्यांना कारणही आठवत नाही, हे ते स्वतः हसत सांगतात. ओइमो आणि काशीची पन्नास वर्षं सरकारने खाल्ली हे खरं, पण पहिली पन्नास कोणी खाल्ली? कप्तानांनी. हा अभिमान ज्यांना परवडतो ते लढतात आणि त्याची किंमत मागे राहिलेले भरतात.

निळावंती

रानवारा, हा खरा कठीण प्रश्न आहे आणि होल केक आयलंड या पुढच्या भागात ओदाने स्वतःच तो उकरून काढलाय असं मला वाटतं.

त्यातल्या लिनलिन या चाचे-कप्तानाच्या लहानपणीची गोष्ट आठवा. डोरी-ब्रॉगी निघून गेल्यावर मागे राहिलेले जायंट वॉरियर नौदलाच्या हाती लागतात, त्यांना मृत्युदंड ठरतो. तेव्हा मदर कारमेल मध्ये पडते, चमत्कार दाखवते, त्यांना सोडवते. एल्बाफ तिला देवी मानतं. तिथे ती अनाथ मुलांसाठी घर चालवते आणि आतून तीच मुलं सरकारला विकते. सरकारला पूर्वीपासून जायंट सैनिक हवे होते, जंग जंग पछाडूनही मिळत नव्हते. जॉन जायंट हा नौदलातला पहिला जायंट, तो त्याच वाटेवरून आला.

म्हणजे तुम्ही म्हणता ते बरोबरच. कप्तान गेले आणि एल्बाफ उघडं पडलं. पण त्या फटीतून आत शिरलं ते नेहमी एकच. गोड बोलणं. कारमेलने दया दाखवली, एनीज लॉबीवाल्यांनी सुटकेचं वचन दिलं. जायंटना तलवारीने कोणी नमवलेलं मला आठवत नाही.

गलबत

याला पुढेही धागे आहेत. पंक हझार्ड बेटावर सीझर क्लाउन हा शास्त्रज्ञ चोरून आणलेल्या मुलांना गोळ्या-चॉकलेटमधून औषध देऊन मोठं करतो. त्या मुलांच्या प्रयोगशाळेत भिंतींवर चित्रं, खेळणी, सगळं बालवाडीसारखं आणि मुलांना सांगितलेलं की तुम्ही आजारी आहात, बरे झालात की घरी जाल. तिथेही सुटकेचं वचन देऊनच अडकवलंय. आणि कायदो या चाच्याच्या ताब्यातले नंबर्स हे प्राचीन जायंट बनवण्याच्या फसलेल्या प्रयोगांतून आलेले. खरे जायंट राबवता येत नाहीत म्हणून कृत्रिम बनवायचे, हे वेड वन पीसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चाललंय.

मरीनफोर्डच्या, म्हणजे नौदलाच्या तळावरच्या, लढाईत जायंट व्हाइस अॅडमिरल पहिल्या फळीत उभे केलेले दिसतात. जॉन जायंट व्हाइटबिअर्ड या चाच्यावर धावून जातो आणि एका हादऱ्यात आडवा होतो. कारमेलची गोष्ट कळल्यावर तो प्रसंग मी पुन्हा बघितला तेव्हा सगळं लक्ष जॉनकडेच जात होतं. नौदलाचा तो कोट त्याच्या अंगावर चढला कसा, हे आता माहीत होतं ना.

समुद्रफेस

गलबत, निळावंती, तुम्ही दोघांनी धागा कुठल्या कुठे नेलात. मूळ लेखात एक गोष्ट मी मुद्दाम राखून ठेवली होती, ती आता मांडते.

एनीज लॉबीच्या याच आर्कमध्ये (कथाभागात) अजून एक जायंट आहे. जॅग्वार डी. सॉल.

रॉबिन न्यायाच्या मनोऱ्यावर उभी असताना कथा वीस वर्षं मागे जाते. ओहारा बेट. आठ वर्षांची रॉबिन, गावाने झिडकारलेली, किनाऱ्यावर वाहून आलेला सॉल तिला भेटतो. सॉल नौदलाचा व्हाइस अॅडमिरल होता. रॉबिनच्या आईला, ऑल्व्हियाला, पकडून नेण्याचं काम त्याच्याकडे आलं. इतिहास वाचणं हा गुन्हा का, हा प्रश्न त्याला पडला आणि उत्तर ऐकून त्याने तिला सोडून दिलं. पुढे बस्टर कॉलमध्ये, म्हणजे नौदलाच्या बेट बेचिराख करणाऱ्या हल्ल्यात, ओहारा जळत असताना तो रॉबिनला उचलून पळतो आणि नौदलाचा कुझान त्याला गोठवतो. गोठता गोठता तो तिला सांगतो की समुद्र मोठा आहे, कधीतरी तुला तुझी माणसं भेटतील.

आता हे एकत्र बघा. दारात दोन जायंट, ज्यांना खोटं सांगितलंय आणि म्हणून ते राबतायत. आठवणीत एक जायंट, ज्याला खरं कळलं आणि म्हणून त्याने कोट उतरवला. तिघांची ताकद तीच, निष्ठाही तीच. फरक एवढाच की कोणाला काय माहीत होतं. आणि रॉबिनला ज्या गुन्ह्यासाठी त्या बेटावर आणलंय तो गुन्हा काय? वाचता येणं. सरकारने गाळलेल्या शंभर वर्षांचा इतिहास दगडांवरून वाचता येणं. ओहारात झाड जाळून, पुस्तकं जाळून, विद्वान मारून जे केलं तेच दारावर ओइमो आणि काशीच्या बाबतीत केलंय, फक्त आवाज न करता. ओदाने हे दोन्ही एकाच आर्कमध्ये आणि या क्रमाने ठेवलेत. दार आधी, ओहारा नंतर. ओहारा बघताना सरकार काय करू शकतं याचा नमुना आपण दारातच बघून आलेलो असतो.

रानवाराच्या प्रश्नाला माझं उत्तरही इथेच आहे. कप्तानांनी पन्नास वर्षं खाल्ली हे मान्य. पण ती वाट बघणं ओइमो आणि काशीने स्वतः निवडलं होतं, आणि कंटाळल्यावर निघालेही स्वतःच. पुढची पन्नास त्यांच्या हातात नव्हती.

आडवाट

आणि ओहाराची पुस्तकं कुठे गेली ते आता मांगात आलंय. विद्वानांनी मरता मरता तळ्यात फेकलेली पुस्तकं जायंटनी येऊन बाहेर काढली आणि एल्बाफला नेली. सॉल जिवंत आहे आणि त्याच पुस्तकांपाशी आहे. सरकारने ज्यांना दारावर उभं करायची धडपड केली, त्यांनी राखायचं म्हटल्यावर काय राखलं बघा.

रानवारा

समुद्रफेस, निवडीचा मुद्दा मान्य. कप्तानांना मी तरी मोकळं सोडणार नाही, पण सरकारच्या आणि त्यांच्या वागण्याला एकाच तराजूत घालता येत नाही हे पटलं.

एक प्रश्न. खोटं उघड झाल्यावर ओइमो आणि काशी सरकारी फौजेवर उलटतात तो भाग मला मांगात फार घाईत झाल्यासारखा वाटला होता. पन्नास वर्षांचा संताप आणि पानं मोजकी. अॅनिमेत कसा आहे?

निळावंती

अॅनिमेत तो जास्त भिडतो. अॅनिमे बनवणाऱ्या तोएईवर संथपणाचा आरोप नेहमी होतो आणि ड्रेसरोझासारख्या आर्कमध्ये तो खराच आहे. पण इथे तो संथपणा कामी आलाय. सोगेकिंग बोलायचा थांबतो आणि ओइमोचा चेहरा बदलायला वेळ दिलाय. आधी विश्वास नाही. मग कप्तान जिवंत आहेत, मोकळे आहेत याचा आनंद. आणि त्याच्या मागून कळतं की मग ही पन्नास वर्षं कशासाठी होती. आनंद आणि राग एकाच चेहऱ्यावर, आणि मधे रडू. एवढ्या मोठ्या देहाचं रडणं कसं दाखवायचं हे अवघड काम आहे, पण आवाज देणाऱ्याने कमाल केलीय. जपानी आवाजातच बघा.

आणि त्यांनी राग काढला तो सरकारी फौजेवर. नुकतंच ज्यांच्याकडून जबर मार खाल्ला त्या फ्रँकी फॅमिलीशी किंवा सुतारांशी काही हिशेब बाकी ठेवला नाही.

चिंचेचंझाड

लेक विचारतेय की पुढे त्यांची आणि कप्तानांची भेट झाली का? तिला स्पॉयलर चालतो म्हणे.

आडवाट

झाली! एगहेड आर्कच्या शेवटी डोरी आणि ब्रॉगी लुफीला एल्बाफला न्यायला जहाज घेऊन येतात तेव्हा जुनी टोळी त्यांच्याबरोबर आहे, ओइमो आणि काशीसुद्धा. ज्यांनी त्यांना पन्नास वर्षं फसवलं त्याच सरकारच्या नौदलाला भिडायला. आणि उसॉपही त्या प्रवासात आहे. त्याने आनंदाने जो टाहो फोडलाय तो तिने स्वतःच वाचावा.

रानवारा

मग आता मागून पुढे सगळं बघायला हवं. कुठून सुरू करू?

समुद्रफेस

लिटल गार्डन, एपिसोड ७० ते ७७, ते आधी. सलग बघ, मधे सोडू नकोस, कारण ७३,४६७ वी लढत आणि ब्रॉगीचं रडणं समजायला आधीचं सगळं लागतं. मग एनीज लॉबी २६४ पासून. दारावरची लढाई सुरुवातीलाच आहे. ओहाराची आठवण २७५ पासून लागते आणि २७८ ला रॉबिन तिचं ते ‘मला जगायचंय’ वाक्य म्हणते. मधले काही एपिसोड मूळ कथेच्या बाहेरचे आहेत, ते सोडलेस तरी चालतील. मग होल केकमधला लिनलिनच्या लहानपणाचा भाग, आणि एगहेड. बघून झालं की इथेच लिही, विशेषतः कप्तानांबद्दल. तो वाद अजून बाकी आहे.